प्रागमधली कम्युनिझम वॉक: पैसे कुठे वसूल होतात, कुठे वाया जातात

बेळगाव, निपाणी, चिकोडी भागातून टूरबरोबर युरोपला जाणाऱ्यांच्या वाट्याला प्राग येतं ते एका दुपारीपुरतं. जुन्या चौकातलं घड्याळ, चार्ल्स पूल, टेकडीवरचा किल्ला, आणि मग बसकडे परतायच्या आधी 'दोन-अडीच तास मोकळे'. मुलगा किंवा मुलगी जर्मनीत शिकायला, नोकरीला असलेले आई-बाबा ड्रेस्डेनहून साधारण अडीच तासांत रेल्वेने येतात, त्यांना जरा जास्त सवड असते. दोघांनाही आमची शिफारस एकच आहे. हे तास दुकानांत घालवू नका, कम्युनिस्ट काळाची पायी फेरी घ्या. इंग्रजीतून अशा फेऱ्या रोज निघतात. चांगल्या मोजक्या आहेत, आणि चांगली कुठली हे जाहिरातीवरून कळत नाही.

वॉर्सात स्टालिनच्या काळातला संस्कृती-प्रासाद लांबूनही नजरेत भरतो. बुखारेस्टमध्ये चाउशेस्कूने बांधायला घेतलेली अवाढव्य इमारत टाळायची म्हटली तरी टाळता येत नाही. प्रागचं तसं नाही. १९४८ ते १९८९ अशी एकेचाळीस वर्षं तिथे, म्हणजे तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियात, कम्युनिस्ट पक्षाची सत्ता होती, पण मध्यवस्तीत फिरताना दिसतात ती चर्चची शिखरं आणि जुन्या हवेल्या. तो काळ आहे फुटपाथच्या दगडांत, एका कमानीखालच्या भिंतीवर, एका सज्जात आणि टेकडीवरच्या एका चौथऱ्यावर. त्यातली एकही जागा तिकिटाची नाही, सगळ्या भर रस्त्यावर आहेत, आणि तरीही माणसं त्यांच्यावरून चालत जातात. म्हणजे पैसे मार्गाचे नसतात. बोट दाखवणाऱ्याचे असतात. गाईड चांगला असला की सगळं वसूल, आणि गाईड पाठांतराचा असला की अडीच तास नुसती पायपीट.

फेऱ्या तीन प्रकारच्या मिळतात. पहिली बक्षिशीवर चालणारी, जिला 'फ्री टूर' म्हणतात. नावनोंदणी फुकट, शेवटी मनाला येईल ते द्यायचं. हिच्यात गर्दी फार. तीस-पस्तीस जणांच्या घोळक्यात मागच्या रांगेला काही ऐकू येत नाही. शिवाय काही ठिकाणी कंपनी गाईडकडून डोक्यामागे ठरावीक रक्कम घेते, त्यामुळे तुम्ही काही न देता निघून गेलात तर तो भुर्दंड त्या पोराच्या खिशाला बसतो. ही फेरी घेतलीच तर माणशी २०० ते ३०० कोरुना द्यावेत असं आमचं मत आहे. एक कोरुना साधारण चार रुपये धरा. दुसरी ठरलेल्या तिकिटाची, दहा-पंधरा जणांची, बहुधा शेवटी बंकर दाखवणारी. तिसरी खाजगी, फक्त तुमच्या कुटुंबापुरती. चौघे-पाच जण असाल तर खाजगी फेरीचा माणशी खर्च बंकरवाल्या फेरीच्या फार पुढे जात नाही आणि गाईडला थांबवून विचारता येतं. इंग्रजी जरा सावकाश ऐकावं लागणारे वडीलधारे बरोबर असतील तर आम्ही डोळे झाकून हीच सुचवू.

आता मार्ग. चांगल्या फेरीचा मध्यवस्तीतला भाग साधारण तीन किलोमीटरचा असतो. रिपब्लिक चौकातून जुन्या चौकात, तिथून गल्ल्यांतून नारोद्नी रस्त्यावर, मग मुस्तेकला आणि तिथून वेन्सेस्लास चौकाच्या चढाने वर राष्ट्रीय संग्रहालयापर्यंत. ही दिशा महत्त्वाची आहे. वरून खाली येणाऱ्या फेऱ्याही आहेत, चालायला त्या सोप्या, पण त्यांत १९६८ ची सोव्हिएत चढाई आणि १९८९ ची राजवटीची अखेर आधी येते आणि १९४८ चा सत्ताबदल शेवटी. कथा उलटी ऐकावी लागते.

जुन्या चौकात सगळे घड्याळाकडे तोंड करून उभे असतात. तुम्ही पाठ फिरवायची आणि गुलाबी-पांढऱ्या किन्स्की वाड्याचा सज्जा बघायचा. २१ फेब्रुवारी १९४८ ला भर थंडीत कम्युनिस्ट पंतप्रधान क्लेमेंट गोटवाल्ड इथून जमावाशी बोलला. चारच दिवसांनी, २५ तारखेला, राष्ट्राध्यक्ष बेनेश यांनी बिगर-कम्युनिस्ट मंत्र्यांनी दिलेले राजीनामे स्वीकारले आणि सत्ता कम्युनिस्टांच्या हाती गेली. सज्जातल्या फोटोत गोटवाल्डच्या शेजारी व्लादिमीर क्लेमेंटिस उभा होता. पुढे हाच क्लेमेंटिस परराष्ट्रमंत्री झाला, पक्षातल्याच शुद्धीकरणात सापडला आणि ३ डिसेंबर १९५२ ला पक्षाचा माजी सरचिटणीस स्लान्स्की याच्यावरच्या खटल्यातल्या इतर दहा जणांबरोबर फासावर गेला. नंतर छापल्या गेलेल्या फोटोंतून तो नाहीसा झाला. नीट तयारी केलेला गाईड दोन्ही फोटोंच्या प्रती प्लास्टिकच्या पाकिटात घालून आणतो आणि त्याच जागी उभं करून दाखवतो. हे पाकीट आहे की नाही, यावरून पहिल्या वीस मिनिटांत फेरीचा कस कळतो.

याच जागी त्याला एक प्रश्न विचारा: कम्युनिस्ट आले कसे? 'रशियाने लादले' एवढंच उत्तर आलं तर ते अर्धवट आहे. १९४६ च्या निवडणुकीत त्यांना साधारण ३८ टक्के मतं मिळाली होती आणि तो सर्वात मोठा पक्ष होता. १९३८ च्या म्युनिक करारात ब्रिटन-फ्रान्सने देश हिटलरपुढे टाकला ही सल लोकांच्या मनात होती, आणि १९४५ मध्ये मुक्त करायला आली होती लाल सेना. बँका, खाणी, मोठे कारखाने यांचं राष्ट्रीयीकरणही १९४५ पासूनच सुरू झालं होतं. हे सांगणारा गाईड मिळाला तर पुढचे दोन तास निर्धास्त ऐका.

राष्ट्रीयीकरणाचा विषय निघतो तेव्हा आपल्याकडच्या माणसाचे कान टवकारायला हवेत. वेन्सेस्लास चौकाच्या खालच्या टोकाला बाटाचं काचेचं बहुमजली दुकान आहे, १९२० च्या दशकाच्या शेवटी बांधलेलं. बाटा आपल्या देशातलीच कंपनी असं मानणारे आपल्याकडे पुष्कळ. ती मूळची झ्लिन गावची. सरकारने कारखाना ताब्यात घेतला आणि १९४९ मध्ये त्या गावाचं नावच बदलून गोटवाल्डोव्ह केलं. ते १९९० पर्यंत टिकलं. जावा मोटारसायकलही प्रागचीच. म्हैसूरच्या आयडियल जावामधून १९६० च्या दशकापासून निघालेल्या आणि पुढे येझदी झालेल्या गाड्या आपल्या भागात अजून कुणाच्या तरी अंगणात उभ्या असतील. शेतातला झेटॉर ब्रनोचा. गाईडला हे विचारलं की तोही खुलतो, कारण 'तिसऱ्या जगाला' यंत्रं विकणं हा त्या राजवटीचा मोठा व्यवहार होता आणि सहसा कोणी पाहुणा त्याबद्दल विचारत नाही.

बार्तोलोमेयस्का गल्लीत फार वेळ जाऊ नये. इथे गुप्त पोलिसांचं, म्हणजे एसटीबीचं ठाणं होतं, चौकशीसाठी माणसं इथे आणत. आत जाता येत नाही, इमारती बाहेरून साध्या आहेत. पाच मिनिटं पुरेत.

तिथून दोन मिनिटांवर नारोद्नी रस्ता. १६ क्रमांकाच्या घराखाली कमानीची वाट आहे. तिथल्या भिंतीवर कांस्याचे हात वर आलेले दिसतात आणि खाली तारीख: १७.११.१९८९. नाझींनी १७ नोव्हेंबर १९३९ ला झेक विद्यापीठं बंद केली, त्याच्या पन्नासाव्या वर्षी विद्यार्थ्यांनी परवानगीची मिरवणूक काढली. आल्बेर्तोव्हहून विशेह्राद, आणि तिथून मध्यवस्तीकडे. नारोद्नीवर पोलिसांनी दोन्ही बाजूंनी कोंडलं. मुलांनी रिकामे हात वर करून दाखवले आणि तरीही लाठ्या चालल्या. निसटायची वाट होती ती या कमानीतून, आणि तिथेही पोलिस उभे होते. हात तिथे का आहेत हे कळल्यावर ते शिल्प नुसतं शिल्प राहत नाही. एक विद्यार्थी मेला अशी बातमी त्या रात्री पसरली, ती खोटी होती. पण तिनेच आग भडकली. 'विद्यार्थी मारला गेला' असं आजही खरं म्हणून सांगणारे गाईड भेटतात. तिथे थांबून विचारायला हरकत नाही.

वेन्सेस्लास चौक म्हणजे चौक नव्हे, साधारण ७५० मीटर लांब आणि ६० मीटर रुंद रस्ता आहे. पूर्वी इथे घोड्यांचा बाजार भरे. डाव्या-उजव्या बाजूच्या जुगारखान्यांच्या आणि गोड पदार्थांच्या पाट्यांकडे लक्ष न देता ३६ क्रमांकाचं मेलान्त्रिख घर शोधायचं. २४ नोव्हेंबर १९८९ ला या घराच्या सज्जात वात्स्लाव हावेल आणि अलेक्सांदर दुबचेक शेजारी उभे राहिले. एक तुरुंगातून सुटून काहीच महिने झालेला लेखक, दुसरा १९६८ च्या सुधारणांचा नेता, ज्याला नंतर वनखात्यात काम करावं लागलं. त्याच संध्याकाळी पक्षाच्या नेतृत्वाने राजीनामा दिला. खाली उभे लोक किल्ल्यांचे जुडगे वाजवत होते: तुमची घरी जायची वेळ झाली. २९ डिसेंबरला हावेल राष्ट्राध्यक्ष झाले. किल्ल्यांचा आवाज गाईडने मोबाईलवर ऐकवायला हवा, त्याशिवाय त्या जागेचा अंदाज येत नाही.

चढ संपतो तिथे संत वेन्सेस्लासचा घोड्यावरचा पुतळा, १९१२ चा. त्याच्याही वर, संग्रहालयाच्या समोर, फुटपाथमधून एक कांस्याचा क्रूस उगवल्यासारखा दिसतो. दगड दोन ठिकाणी उचलले गेलेत आणि त्यांवरून क्रूस आडवा पडला आहे. वर फलक नाही, कठडा नाही. लोक त्याच्यावर पाय देऊन फोटो काढतात. संपूर्ण फेरीतली सर्वात महत्त्वाची जागा हीच आहे, आणि बहुतेक फेऱ्या इथे येईपर्यंत वेळ संपलेला असतो.

१६ जानेवारी १९६९ ला दुपारी चार्ल्स विद्यापीठाचा वीस वर्षांचा विद्यार्थी यान पालाख याने इथे अंगावर पेट्रोल ओतून पेटवून घेतलं. १९ तारखेला तो गेला. गाईड बहुतेक वेळा सांगतात की रशियन सैन्याच्या निषेधार्थ. ते पुरतं खरं नाही. दुबचेकच्या सुधारणा दडपायला सैन्य ऑगस्ट १९६८ मध्ये आलं होतं, पालाखने केलं ते पाच महिन्यांनी. त्याच्या पत्रात दोन मागण्या होत्या: सेन्सॉरशिप उठवा आणि सैन्याच्या प्रचाराचं वृत्तपत्र बंद करा. त्याला हलवायचं होतं ते सवय करून घेऊ लागलेल्या आपल्याच लोकांना. पत्राखाली सही होती 'मशाल क्रमांक एक'. २५ फेब्रुवारीला, कम्युनिस्ट सत्तेच्या वर्धापनदिनी, अठरा वर्षांच्या यान झायित्सने याच चौकात तेच केलं. क्रूस दोघांचाही आहे. पालाखची कबरदेखील राजवटीला सहन झाली नाही. १९७३ मध्ये अवशेष उकरून दहन केले गेले आणि १९९० मध्ये ते परत आणले.

दरवर्षी १७ जानेवारीला बेळगावच्या हुतात्मा चौकात सीमालढ्यातल्या हुतात्म्यांसाठी जमणाऱ्यांना ही आदल्याच दिवसाची तारीख वेगळी लक्षात ठेवावी लागणार नाही. आपला शब्दही इथे जास्त नेमका बसतो. इंग्रजीतला गाईड 'मार्टर' म्हणतो. 'हुत' म्हणजे अग्नीत अर्पण केलेलं. पालाखच्या बाबतीत तो शब्द अक्षरशः खरा आहे.

तिथूनच संग्रहालयाची दर्शनी बाजू बघा. २१ ऑगस्ट १९६८ ला सोव्हिएत सैनिकांनी तिच्यावर गोळीबार केला. भोकं भरली तेव्हा फिकट दगड वापरला गेला आणि ते ठिपके कित्येक वर्षं दिसत राहिले. आता इमारतीचं नूतनीकरण झालं आहे, जुना फोटो शेजारी धरून बघावं. त्याच्या बाजूची काच-पोलादाची चौकोनी इमारत म्हणजे जुनी संघीय संसद. राजवट पडल्यावर हावेल यांनी ती अमेरिकेच्या पैशावर चालणाऱ्या रेडिओ फ्री युरोपला वर्षाला नाममात्र एक कोरुना भाड्याने दिली. ज्या रेडिओच्या लहरी बुजवायला सरकार यंत्रं लावत होतं, तोच रेडिओ त्या सरकारच्या संसदेत जाऊन बसला. आज ती संग्रहालयाचीच नवी इमारत आहे. दमला नसाल तर विनोह्राद्स्का रस्त्याने आणखी थोडं पुढे झेक रेडिओचं घर आहे. १९६८ मध्ये माणसं बसगाड्या आडव्या लावून रणगाडे अडवायला उभी राहिली ती तिथे. फेऱ्यांत हे सहसा नसतं.

लेत्ना टेकडीही बहुतेक फेऱ्यांत नसते, आणि ही आमची सर्वात मोठी तक्रार आहे. जुन्या चौकातून पार्झिश्का रस्त्याच्या नाकासमोर बघितलं की नदीपलीकडच्या उंचीवर एक लाल काटा डोलताना दिसतो, तालयंत्रासारखा. तो १९९१ चा. त्याआधी त्या चौथऱ्यावर स्टालिन होता. १५.५ मीटर उंच, २२ मीटर लांब, ग्रॅनाइटचा, स्टालिनच्या मागे दोन्ही बाजूंनी कामगार, शेतकरी, सैनिक रांगेत. प्रागकरांनी त्याचं नाव ठेवलं 'मटणाची रांग'. रेशनच्या दुकानापुढे उभं राहिलेल्या कुणालाही ते समजावून सांगावं लागत नाही. शिल्पकार ओताकार श्वेट्स याने अनावरणाआधीच आत्महत्या केली. १ मे १९५५ ला अनावरण झालं तेव्हा स्टालिनला जाऊन दोन वर्षं झाली होती. पुढच्याच वर्षी सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हने त्याची भांडाफोड केली आणि १९६२ मध्ये सुरुंग लावून एवढा मोठा पुतळा उडवावा लागला. फेरी संपल्यावर स्वतः जा. चेख पुलावरून समोरच्या पायऱ्या चढल्या की थेट चौथऱ्यावर पोचता. गुडघे कुरकुरत असतील तर ट्रामने वरच्या अंगाने जाऊन बागेतून सपाट चालत यावं.

बंकर घ्यावा का? दोन प्रसिद्ध आहेत. वेन्सेस्लास चौकातल्या याल्टा हॉटेलखालचा आणि झिझकोव्हमधल्या पारुकार्झका टेकडीखालचा. पहिला लहान, मध्यवस्तीतच आणि कमी पायऱ्यांचा. दुसरा मोठा, खोल, गोल लोखंडी जिन्याने उतरायचा, आणि तिथे जायला ट्राम घ्यावी लागते म्हणून चालण्याच्या फेरीतला अर्धा तास प्रवासात जातो. आत गॅस मास्क, रबरी कोट, टेलिफोनची यंत्रं मांडलेली असतात. मुलांना फार आवडतं. पण त्या वस्तूंतून त्या काळातल्या माणसांचं रोजचं आयुष्य कळत नाही. ज्यांना बंद जागेत घुसमटतं त्यांनी आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांनी पारुकार्झका टाळावा. जुना मास्क फोटोपुरता हातात धरा. फिल्टरमधून श्वास घेऊ नका, त्या काळच्या काही फिल्टरांत ॲस्बेस्टॉस असे. वेळ एकच असेल तर बंकर सोडा, लेत्ना बघा.

लेनन भिंतीवर थांबणारी फेरी शक्यतो घेऊ नये. ही लेनिनची नव्हे, गायक जॉन लेननची. १९८० मध्ये त्याचा खून झाल्यावर तरुणांनी तिथे लिहायला सुरुवात केली, पोलिस रंग फासत, पुन्हा लिहिलं जाई. गोष्ट चांगली आहे. पण त्या काळातलं एक अक्षरही आता भिंतीवर उरलेलं नाही आणि तिथे जाऊन येण्यात चाळीस मिनिटं मोडतात.

फेरी बिघडते ती नेमकी कशामुळे, ते सांगतो. एक, गाईड फक्त किस्से सांगतो: संत्र्यासाठी रांगा, जीन्सचा काळाबाजार, ट्राबांट गाडी. हसू येतं, पण त्यात १९५० चं दशक गळून जातं. २७ जून १९५० ला माजी खासदार मिलाडा होराकोवा यांना फाशी दिली गेली, त्यांच्यासाठी आइन्स्टाइन आणि चर्चिल यांनीही दयेची विनंती केली होती. हे नाव अडीच तासांत एकदाही आलं नाही तर फेरी कच्ची समजा. दोन, तारखा आहेत पण कारणं नाहीत. १९५३ चं चलन बदल हे चांगलं उदाहरण आहे. १ जूनपासून नवं चलन आलं. माणशी ३०० कोरुनांपर्यंत रोख पाचास एक या दराने बदलून मिळाली, त्यावरची पन्नासास एक. नेत्यांनी त्याच्या काहीच काळ आधी चलन पक्कं असल्याची ग्वाही दिली होती. २०१६ च्या नोव्हेंबरात बँकेपुढे उभं राहिलेल्या माणसाला हे आकडे नुसते ऐकून पुरत नाहीत, पुढे काय झालं ते हवं असतं. पिल्झेनमध्ये कामगार रस्त्यावर आले, आणि कामगारांच्या सरकारने त्यांच्यावर बळ वापरलं. तीन, गाईडचं स्वतःचं घर कथेत येतच नाही. वयाने पन्नाशीच्या पुढचा झेक गाईड मिळाला तर तो शाळेत पक्षाच्या बालसंघटनेसाठी गळ्यात बांधाव्या लागणाऱ्या लाल रुमालाचं सांगतो. तरुण असला तरी आजी-आजोबांचं सांगू शकतो. परदेशातून येऊन सहा महिने नोकरी करणारे गाईड मेहनती असतात, पण त्यांच्याजवळ हे नसतं.

म्हणून बुकिंग करण्याआधी कंपनीला मेसेज पाठवून विचारा: गटात जास्तीत जास्त किती जण, जुने फोटो बरोबर असतात का, पालाखच्या स्मारकाशी किती वेळ थांबणार. तिन्हींना सरळ उत्तरं आली तर पैसे भरा. भेटायची जागा नकाशावर आदल्या दिवशी बघून ठेवा. 'रंगीत छत्री धरलेला माणूस' ही खूण जुन्या चौकात उपयोगाची नाही, तिथे दहा छत्र्या असतात. मागच्या बाजूला राहू नका. गाईडच्या डाव्या-उजव्या खांद्यापाशी चाला, चालता चालता जे सांगितलं जातं तेच पुष्कळदा उत्तम असतं.

चपलांचं वेगळं सांगायला हवं. प्रागचे फुटपाथ छोट्या चौकोनी दगडांचे आहेत, घासून गुळगुळीत झालेले. निपाणी-अथणीची चामड्याची चप्पल कितीही दणकट असली तरी ओल्या दगडावर तिचा तळ धरत नाही. रबरी तळाचे, आधीपासून पायात मुरलेले बूट घ्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पारा शून्याखाली जातो. फेरी म्हणजे निम्मा वेळ एका जागी उभं राहणं, त्यामुळे चालताना पुरेसा वाटणारा स्वेटर तिथे पुरत नाही. आतून उबदार थर, कानटोपी, जाड मोजे. सर्वात बरे महिने मे, जून आणि सप्टेंबर.

पैसे युरोत नाहीत, कोरुनात. 'नो कमिशन' लिहिलेल्या मध्यवस्तीतल्या खिडक्यांवर दर तपासल्याशिवाय नोटा देऊ नका. फसलं गेलंच तर तीन तासांच्या आत पावती घेऊन व्यवहार रद्द करायचा हक्क कायद्याने आहे, १००० युरोपर्यंतच्या रकमेसाठी. रस्त्यावर जवळ येऊन नोटा बदलून देणाऱ्याला थारा देऊ नका, तो दुसऱ्याच देशाच्या नोटा हाती ठेवतो. ट्राम-मेट्रोचं कागदी तिकीट काढून चालत नाही, पिवळ्या यंत्रात छापून घ्यावं लागतं. नाहीतर तपासनीस दंड करतो आणि पाहुणा म्हणून सोडत नाही. स्वच्छतागृहांना पैसे लागतात, सुट्टी नाणी खिशात असावीत.

बेळगावहून जाताना बॅगेत कुंदा घालू नका. दूध आणि दुधाचे पदार्थ युरोपियन संघाबाहेरून प्रवाशांना नेता येत नाहीत, पकडलं तर टाकून देतात. शेंगदाण्याची चटणी, चिवडा, भडंग चालतं. शाकाहाऱ्यांना आणि विशेषतः जैन मंडळींना फेरीनंतरचं जेवण हाच प्रश्न पडतो. तिथल्या खानावळीत शाकाहारी म्हणून देतात ते बहुधा तळलेलं चीज. सूप भाज्यांचं दिसलं तरी मांसाच्या रश्श्यावर केलेलं असू शकतं, बटाट्याच्या धिरड्यात अंडं आणि लसूण असतं. वजनावर ताट देणारी भारतीय शाकाहारी उपाहारगृहं मध्यवस्तीत आहेत, ती आधी शोधून ठेवा. शेंगेन व्हिसाला प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, मोठ्यांसाठी फी ९० युरो, आणि किमान ३०,००० युरोचा आरोग्य विमा लागतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत भेटीच्या वेळा लवकर भरतात.

फेरी संपली आणि संध्याकाळ हातात असेल तर मेट्रोची दोन स्थानकं बघा. पिवळ्या मार्गावरचं आन्द्येल स्थानक १९८५ मध्ये 'मोस्केव्स्का', म्हणजे मॉस्कोचं, म्हणून उघडलं. १९९० मध्ये नाव गेलं, पण मैत्रीची कांस्यशिल्पं भिंतीवर राहिली. लाल मार्गाचं शेवटचं हाये स्थानक तेव्हा 'अंतराळवीरांचं' होतं. बाहेर आलं की काँक्रीटच्या तयार भिंती जोडून उभारलेल्या वसाहती क्षितिजापर्यंत, आणि मधोमध दोन अंतराळवीरांचा पुतळा. त्यातला एक व्लादिमीर रेमेक, मार्च १९७८ मध्ये गेलेला, अमेरिका-रशियाबाहेरचा पहिला माणूस. सहा वर्षांनी त्याच सोव्हिएत कार्यक्रमातून राकेश शर्मा गेले. तिथल्या बाकांवर आजही त्याच इमारतींत राहणारी म्हातारी माणसं बसलेली असतात. या वसाहतीपर्यंत फारशा फेऱ्या येत नाहीत. मेट्रोने मुझेउम स्थानकावरून वीसेक मिनिटं लागतात.